न्यायाची पायरी किती लांब?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण शेजाऱ्याने बांध कोरून चार हात जमीन खाल्ली, तर शहाण्याने करायचे काय? गप्प बसायचे? तेव्हा पायरी ही चढावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती पायरी आहे कुठे, आणि तिथवर पोचायला खर्च किती.

समजा, गारगोटीकडचा एक शेतकरी आहे. बांधाचा दावा त्याने जवळच्या दिवाणी कोर्टात लावला. निकाल विरुद्ध गेला. ३० दिवसांच्या आत त्याने जिल्हा न्यायालयात अपील केले. त्यासाठी कसबा बावड्याला खेपा घातल्या. एस. टी. ने सकाळी यायचे, तारीख करायची, संध्याकाळी घरी. तिथेही तो हरला. आता उरले हायकोर्ट. तिथे दुसरे अपील ९० दिवसांत करता येते. मात्र नुसते 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणून चालत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. आणि २०२५ सालापर्यंत हे हायकोर्ट होते मुंबईला.

म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईचा वकील, उतरायची सोय, दोन दिवसांचा बुडालेला रोजगार. आणि तिथे गेल्यावर कळायचे, की आज बोर्डावर आपले प्रकरण पुकारलेच नाही! प्रतिपक्षाला हे पक्के ठाऊक असे. म्हणून तो मिशीला पीळ देऊन म्हणे, "जा की मुंबईला!" बघा, कायद्याने दिलेला हक्क कुणी हिरावून घेतला नव्हता. तो फक्त लांब ठेवला होता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आता हा 'सर्किट' शब्द आला कुठून? सर्किट म्हणजे फेरी. न्यायाधीशाने एका जागी न बसता गावोगाव फिरून न्याय द्यायचा, ही इंग्लंडातली जुनी रीत. ती पुढे अमेरिकेने उचलली, आणि तिची मोठी मौजेची हकीकत आहे.

अमेरिकेने १७८९ साली न्यायालयांचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश नेमले सहा. पण त्यांना राजधानीत नुसते बसू दिले नाही. देशाचे तीन विभाग केले, पूर्व, मध्य आणि दक्षिण. या विभागांत वर्षातून दोनदा फिरून स्थानिक न्यायाधीशाबरोबर खटले चालवायचे, असे त्यांच्यावर बंधन घातले. रस्ते कच्चे, नद्यांना पूल नाहीत, घोडागाडीचा प्रवास. न्यायमूर्ती अगदी जेरीस आले आणि तक्रारी करू लागले. पण लोकांच्या प्रतिनिधींचे म्हणणे असे, की नव्या देशाचे कोर्ट लोकांनी पाहिले पाहिजे, आणि न्यायाधीशानेही लोक पाहिले पाहिजेत.

या रीतीत एक खोट होती. फेरीवर असताना ज्याने निकाल दिला, त्याच निकालावरचे अपील वर गेले की ऐकायला तोच न्यायाधीश बसलेला असू शके! अखेर १८९१ साली अपिलांसाठी वेगळी न्यायालये झाली आणि फेऱ्या हळूहळू बंद पडल्या. नाव मात्र राहिले. आज तिथे खाली ९४ जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि सर्वांच्या वर नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आहे. त्या अपील न्यायालयांच्या विभागांना अजून सर्किटच म्हणतात. पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटात तर कॅलिफोर्नियापासून अलास्का आणि हवाई बेटांपर्यंत सगळा मुलूख येतो. म्हणून त्याचे न्यायाधीश सॅन फ्रान्सिस्को, पॅसाडेना, सिएटल अशा निरनिराळ्या शहरांत बसतात.

पण ही झाली एकच शिडी. अमेरिकेत अशा दोन शिड्या आहेत. वर सांगितली ती केंद्राची. शिवाय प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये असतात, अगदी स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयासकट. आपला गारगोटीकडचा शेतकरी तिथे असता, तर बांधाचा दावा सामान्यतः राज्याच्या कोर्टात गेला असता. तो राज्याच्या कायद्याचा प्रश्न असेल, तर राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा शब्द शेवटचा. राज्यघटनेचा किंवा केंद्राच्या कायद्याचा मुद्दा निघाला, तरच राजधानीचे दार वाजवता येते. बहुतेक राज्यांत न्यायाधीशांना कधी ना कधी मतदारांपुढे जावे लागते, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल.

आणखी एक फरक पंचांचा, म्हणजे ज्यूरीचा. तिथे नागरिकाला कोर्टाचे पत्र येते, आणि कामधाम सोडून पंच म्हणून बसावे लागते. आपल्याकडची कित्येक मुले तिकडे स्थायिक होऊन नागरिक झाली आहेत; त्यांनाही हे पत्र चुकत नाही. आपल्याकडेही पूर्वी ज्यूरी होती. मुंबईत १९५९ साली गाजलेल्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले आणि हायकोर्टाने तो निर्णय फिरवला. पुढे ती पद्धत आपण मोडीत काढली.

आपली शिडी एकच. कायदा दिल्लीचा असो वा राज्याचा, तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत त्याच पायऱ्या. सामान्य माणसाला हे समजायला सोपे. पण एकच शिडी असली, की तिची मधली पायरी लांब गेली तर माणूस तिथेच अडतो. आपले नेमके हेच झाले.

संस्थानकाळी कोल्हापूरला स्वतःचे हायकोर्ट होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि वरचा न्याय मुंबईला गेला. १९८१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, हायकोर्ट बसू लागले. त्यावर वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्य पुनर्रचना कायद्याखाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अशी जागा ठरवू शकतात, हे १९८२ साली कायम झाले. मग आमच्याकडेच का नाही, असे विचारत इकडच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशके आंदोलने केली. अखेर १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच तरतुदीखाली अधिसूचना निघाली. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि दुसऱ्या दिवशी सी. पी. आर. रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काम सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. हे वेगळे हायकोर्ट नव्हे. न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयाचेच, आणि इथल्या निकालाचे वजनही तेच.

पण कोर्ट जवळ आले म्हणजे न्याय घरात आला, असे समजू नका. फ्लोरिडातली एक गोष्ट सांगतो. १९६१ साली गिडियन नावाच्या गरीब माणसावर चोरीचा खटला झाला. त्याने कोर्टाकडे वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि शिक्षा झाली. कोर्ट त्याच्या गावातच होते, बरे का! तुरुंगातून त्याने हाताने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला. १९६३ साली निकाल लागला, की अशा गंभीर गुन्ह्यात ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे. मग वकिलासह खटला पुन्हा चालला आणि गिडियन सुटला.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने ही मदत दिवाणी दाव्यांतही मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना तर उत्पन्नाची अटही नाही. तालुका कोर्टात यासाठी विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असते. तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका. ती मेहेरबानी नव्हे, तुमचा हक्क आहे.

आणि दुसरे, निकाल लागल्याबरोबर नकलेसाठी अर्ज करा. नक्कल मिळायला जे दिवस लागतात, ते अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. पण अर्जच उशिरा केला, तर ते वाया गेलेले दिवस तुमच्या पदरी पडतात. कितीतरी माणसे खटला हरत नाहीत, मुदत हरतात.

तेव्हा शेजाऱ्याने पुन्हा बांध कोरला आणि "जा की वर!" असे म्हटले, तर रागावू नका. निकालाची नक्कल घ्या, मुदत मोजा, आणि शांतपणे सांगा, "जातो. सकाळच्या एस. टी. ने जातो आणि संध्याकाळी परत येतो."