मालेगावचा सिनेमा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, अधिकारी व्हा, असे आपण मुलांना नेहमी सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु वर्गात 'मोठेपणी कोण होणार?' असा प्रश्न केला की एखादा हात असाही वर येतो, ज्याला नट व्हायचे असते किंवा स्वतःचा सिनेमा काढायचा असतो. बाकीची मुले हसतात. घरी हीच गोष्ट निघाली तर अब्बा रागावतात आणि अम्मी घाबरते. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा. शेती बहुतांशी कोरडवाहू. मुलगा शिकून चार पैसे मिळवू लागला तर बहिणीचे लग्न होईल, कर्ज फिटेल, असा हिशेब पुष्कळ घरांत असतो. अशा घरातल्या मुलाने नट होण्याची गोष्ट काढली तर बापाच्या कपाळावर आठी पडणारच.

तरीही त्या वर आलेल्या हाताला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर शोधताना मला मुंबईपेक्षा मालेगाव अधिक उपयोगी वाटले. म्हणून आज मालेगावविषयी बोलणार आहे.

नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीकाठचे हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून पुष्कळ विणकर कुटुंबे येथे येऊन वसली. रात्रंदिवस मागांचा खडखडाट चालतो. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी मजुरांची एकच चैन, ती म्हणजे सिनेमा. याच गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत असे. तेथे येणाऱ्या परदेशी चित्रपटांची भाषा मजुरांना कळत नसे. प्रेक्षक कोठे हसतात, कोठे कंटाळतात, कोठे उठून जातात, हे नासिर पाहत राहिला. चित्रपटाची कापाकापी आणि जोडणी तो घरच्या साधनांवर शिकला. त्याला शिकवायला कोणी नव्हते. पार्लर हीच त्याची शाळा झाली.

सन २००० मध्ये त्याने 'मालेगाव के शोले' हा चित्रपट तयार केला. मूळ 'शोले' १९७५ चा, मोठ्या खर्चाचा, मोठ्या नटांचा. नासिरच्या चित्रपटाला सुमारे पन्नास हजार रुपये लागले. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. रेल्वे मिळणे शक्य नव्हते, तेथे बस आली. नट म्हणजे गावातलेच लोक, कोणी मागावरचा मजूर तर कोणी दुकानदार. कॅमेरा उंच न्यायचा तर त्यासाठी क्रेन लागते. या मंडळींनी बैलगाडीवर काम भागवले. कॅमेरा सरकवायला सायकल होतीच. आपल्याच गल्लीतली माणसे आपल्याच बोलीत बोलताना पडद्यावर दिसली आणि मालेगावकरांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला.

पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. सुपरमॅन झाला शफीक शेख, अंगाने अगदी काटकुळा, यंत्रमागावरचा कामगार. छातीवर मालेगावचा 'एम' आणि चड्डीची नाडी लोंबते आहे, असा हा सुपरमॅन. त्याला आकाशात उडवण्यासाठी हिरव्या कापडापुढे आडवा धरून चित्रण केले. मध्येच एकदा कॅमेरा पाण्यात पडला आणि काम ठप्प झाले. मध्येच शफीकचे लग्न आले. पैसे संपत, पुन्हा जमवावे लागत. फैझा अहमद खान यांनी या साऱ्या खटपटीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये तयार केला. तो देशोदेशी दाखवला गेला आणि २०१२ मध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांतही लागला. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट काढला. तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला.

आता कोणी म्हणेल, ही यशाची गोष्ट झाली. येथे थोडे थांबले पाहिजे. मालेगावच्या चित्रपटाचा खलनायक लोकांना तंबाखूच्या नादी लावणारा होता आणि सुपरमॅन त्याच्याशी लढत होता. पण खुद्द शफीकला तंबाखूचे व्यसन होते. त्याला तोंडाचा कर्करोग झाला. आजारपणात त्याला त्याचा चित्रपट दाखवण्यात आला आणि २०११ साली, ऐन तारुण्यात, तो हे जग सोडून गेला. खिशात पुडी ठेवणाऱ्या मुलांनी हे नीट ऐकावे. पडद्यावर ज्याने गाव वाचवले, त्याला स्वतःचा जीव वाचवता आला नाही. या गोष्टीवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज मला वाटत नाही.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. मालेगावच्या या चित्रपटांत गावातली एकही मुलगी काम करायला पुढे येऊ शकली नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. हे नवे नाही. दादासाहेब फाळके यांचाही हाच अनुभव आहे. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकचा, म्हणजे त्याच नाशिक जिल्ह्यातला. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवावी लागली. मात्र त्याच फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मला भोके पाडण्यापासूनची कामेही करीत. म्हणजे बाई पडद्यावर नव्हती, पण तिच्यावाचून चित्रपट उभा राहिला नसता. आपल्या मुलींपैकी एखादीला लेखन, छायाचित्रण किंवा संकलन यांची आवड असेल तर ती आवड घरातच दाबून टाकू नये, एवढी माझी विनंती आहे.

फाळक्यांचे नाव निघाले आहे तर पालकांसाठी आणखी थोडे सांगतो. डोळ्यांवर ताण पडून काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये इंग्लंडला गेले, ते यंत्रसामग्री आणण्यासाठी आणि काम शिकण्यासाठी. परत आल्यावर भांडवल मिळावे म्हणून त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे छोटे चित्रण करून दाखवले, आणि मग पैसा मिळाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. विद्यार्थ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी शिकले, मग लहान काम करून दाखवले आणि त्यानंतर मोठे काम मागितले.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे. आपल्या परंडा तालुक्याला लागून सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका आहे. तेथील जेऊर गावचे नागराज मंजुळे दहावीला नापास झाले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केले आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, माध्यमांचा अभ्यासक्रम केला. त्या शिक्षणातूनच 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री' २०१३ मध्ये आणि 'सैराट' २०१६ मध्ये आला. नापास झालेल्या मुलाला आपण पुष्कळदा 'आता याचे काही खरे नाही' असे म्हणून मोकळे होतो. जेऊरला असे म्हणून कोणी मोकळे झाले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

या तीन उदाहरणांतून मला जे समजले ते थोडक्यात सांगतो. स्वप्न पाहणाऱ्याने पोटाचा उद्योग टाकण्याची गरज नाही. शफीक मागावर काम करीत होता, नासिरचा धंदा चालू होता. शाळा सोडून, घरातले पैसे उचलून मुंबईची गाडी धरणे याला मी हिंमत म्हणणार नाही. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था आहे आणि तेथील बहुतेक मोठ्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. तेव्हा ज्याला खरोखर या वाटेने जायचे आहे, त्याला दहावी, बारावी आणि पदवी चुकणार नाही. दरम्यान हातात मोबाईल आहेच. त्यावर तासन् तास दुसऱ्यांची चित्रे पाहण्याऐवजी एकदा आपल्या आठवडी बाजाराचे, नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणी महालाचे किंवा आजीच्या आठवणींचे पाच मिनिटांचे चित्रण करून पाहा. जमले नाही तर पुन्हा करा. नासिरजवळ यापेक्षा कमी साधने होती.

पालकांना माझे सांगणे इतकेच आहे की मुलगा असे काही बोलला तर लगेच 'होय' म्हणू नका आणि लगेच 'नाही'ही म्हणू नका. "करून दाखव," असे म्हणा. ज्याची हौस वरवरची आहे तो चार दिवसांत कंटाळेल आणि अभ्यासाला लागेल. ज्याची खरी असेल तो काही तरी करून आणील, आणि ते पाहायला सर्वांत आधी तुम्ही बसलेले असाल. मालेगावच्या मंडळींना मुंबईने फार उशिरा ओळखले. त्यांच्या गावाने मात्र पहिल्या दिवसापासून त्यांचे चित्रपट पाहिले, त्यांना हसून दाद दिली. तेवढ्या बळावर ते कॅमेरा पाण्यात पडल्यावरही पुन्हा उभे राहिले. आपल्या मुलांना आपल्या गावाने एवढे बळ द्यावे.



— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.