खीर कुणाला का बाधते?



सुजातेच्या खीरदानाची आठवण म्हणून बुद्धपौर्णिमेला आपण खीर वाटतो. माझ्या धाकट्याला मात्र ती दरवर्षी बाधायची. तासा-दोन तासांनी पोट गुडगुडे, जुलाब होत. शेजारणी म्हणत, दृष्ट लागली. १९५६ साली आपण ते सारे सोडले, तरी मीठ-मिरच्या ओवाळल्या गेल्याच. मीही अडवले नाही.

डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद ठेवून, काय खाल्ले आणि कधी त्रास झाला ते वहीत लिहायला सांगितले. बँकेत रोज खतावणी करणाऱ्या मला हे सुचू नये! दूध बंद, त्रास बंद. पुन्हा दिले, पुन्हा जुलाब. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा पाचकरस त्याला कमी पडतो. ताक मात्र सोसते. ही अ‍ॅलर्जी नव्हे.

अ‍ॅलर्जीत शेंगदाणा, अंडे, मासळी किंवा दूध पोटात जाताच बहुधा काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. दम लागला तर जिवावर बेतते. तेव्हा वही नको, तातडीने दवाखाना. पुढे तज्ज्ञ हकीकत ऐकून त्वचेची किंवा रक्तातील आयजीईची तपासणी करतात. नुसता रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून अ‍ॅलर्जी ठरत नाही. मात्र असा पदार्थ घरी पुन्हा खाऊन पाहू नये.

आणि गहू बाधतो अशी शंका असेल, तर रक्त तपासण्याआधीच पोळी सोडू नका. सिलिअ‍ॅकचा आजार त्या तपासणीत निसटतो.

यंदा एका पातेल्यात बिनदुधाची, गुळातली गव्हाची खीर करावी, आणि कशात काय आहे ते खडूने लिहावे, एवढी मंडळाला विनंती.