सडपातळ बांधा आणि आतला दाह

गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि आशाताई, स्वागत समितीच्या वतीने पुण्यात तुमचं मनापासून स्वागत.

रजोनिवृत्ती, व्यायाम आणि दाह या आपल्या परिषदेच्या विषयाशी पुण्याचं जुनं नातं आहे. 'सडपातळ म्हणजे निरोगी' या समजाला इथल्याच संशोधनानं धक्का दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

अशीच न दिसणारी चरबी बायकांमध्ये रजोनिवृत्तीला वाढते. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, चरबी पोटाभोवती साठू लागते आणि तिथून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात मिसळत राहतात. ना ताप, ना दिसणारी सूज. वजनकाटाही बऱ्याचदा काही बोलत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट मात्र तयार होत असते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षीच थांबते, म्हणजे पुढे आयुष्याचा मोठा भाग उरलेला असतो. काम करणारा स्नायू या दाहाला आवर घालणारी द्रव्यं स्वतःच सोडतो. म्हणून नुसत्या चालण्यावर भागवू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी द्यायला सांगते. रोज टेकडीवर जाणारी बाई जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घेते, तेव्हा मला तिच्या मांड्यांची काळजी वाटते.

पण बीडच्या ऊसतोड बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती शिडीवरून ट्रकवर चढते. अशा कितीतरी जणींची गर्भपिशवी ऐन तिशीत काढली गेली. त्याच्या चौकशीसाठी २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. तिला हवी विश्रांती, पोटभर सकस जेवण आणि गरज नसताना पोटावर सुरी न चालवणारा डॉक्टर. तिच्यासाठी वेगळं सत्र हवंच, हा माझा हट्ट संयोजकांनी मान्य केला, त्यांची मी ऋणी आहे.

उद्या सकाळी सहाला पर्वती चढायला पायथ्याशी जमू. पायऱ्या १०३ आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी सारसबागेत थांबावं. तिथे फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनी खुर्चीवरचे व्यायाम करून घेतील. नाश्त्याला मोड आलेल्या मटकीची उसळ आहे.