जास्त पिकलेल्या केळ्यांचा घरगुती केक
(रेडिओवरून दिलेले भाषण)



रावेर-यावलकडे घड कापून व्यापाऱ्याची गाडी गेली, की मागे काही फण्या उरतात. काही डागी, काही सुटलेल्या. घरात आणल्या की साऱ्या एकदमच पिकतात आणि चार दिवसांत साल काळी पडते. शिकरण होतं, गुलगुले होतात, उरलेलं गुरांपुढे जातं. आज त्याच केळ्यांचा केक कसा करायचा ते सांगणार आहे. बेकरीची भट्टी नको, अंडी नकोत. चूल आणि वाळू पुरे.

हा केक आमच्या सासूबाईंचा. त्या गेल्या, आणि पुढं तीन वर्षं तो घरात एकदाही नीट जमला नाही. वरून करपायचा, मधे गिच्च गोळा राहायचा. "दोन वाट्या कणीक" हे आम्हांला पाठ होतं, पण वाटी कोणती? शेवटी माळ्यावर त्यांची पितळी वाटी सापडली. तोलून पाहिलं तर तिच्यात सव्वाशे ग्रॅम कणीक मावली; आमच्या स्टीलच्या वाटीत जेमतेम नव्वद. केळी तेवढीच आणि पीठ कमी, मग केक कसा जमावा? म्हणून आज मापं वजनानं सांगते. लिहून घ्या.

साहित्य : कणीक २५० ग्रॅम, चांगली पिकलेली मोठी केळी ३, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, तूप किंवा तेल १०० ग्रॅम, आंबट दही अर्धी वाटी, खाण्याचा सोडा १ सपाट चहाचा चमचा, वेलची आणि चिमूटभर मीठ.

केळं पिकताना त्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. म्हणून साल जितकी काळी तितकी गोडी जास्त. साल काळी असली तरी चालते. पण आतला गर बुरशीचा किंवा दारूसारखा वास येणारा असेल तर तो टाकून द्या.

कृती : आधी जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं कोरडी, चाळलेली वाळू पसरा. त्यावर कडं ठेवा, झाकण घाला आणि मंद जाळावर पंधरा मिनिटं तापू द्या. तोवर दह्यात गूळ विरघळवून गाळून घ्या. त्यात कुस्करलेली केळी आणि पातळ तूप मिसळा. कणीक, मीठ, वेलची आणि सोडा वेगळे एकत्र चाळा आणि अगदी शेवटी ओल्या मिश्रणात घाला. दह्याचा आंबटपणा लागताच सोड्यातून वायू सुटतो आणि त्यानंच केक फुगतो. मिश्रण तसंच ठेवलं तर वायू निघून जातो, फार घोटलं तर केक चिवट होतो. पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा.

तूप लावून पीठ भुरभुरलेल्या डब्यात मिश्रण ओता. डबा अर्ध्याहून थोडाच जास्त भरा. कड्यावर ठेवून झाकण घाला आणि झाकणावर निखारे ठेवा. जाळ मंदच हवा. पाऊण तास झाकण उघडू नका. मग मधोमध काडी खुपसा. कोरडी निघाली तर झाला. ओली निघाली तर आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पूर्ण निवल्यावरच कापा.

हा केक ओलसर असतो. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवा.

जाता जाता एकच सांगते. तुमच्या घरीही आजीच्या, सासूबाईंच्या हातचं असं काही असेलच. त्या मूठ घेतात, ओंजळ घेतात, "अंदाजानं घाल" म्हणतात. त्यांच्या शेजारी एकदा तराजू घेऊन बसा. त्यांची मूठ तोला, वाटी तोला आणि वहीत टिपून ठेवा. वाटी माळ्यावर सापडते, मूठ सापडत नाही.