लेबलावरचा क्यूआर कोड आपणच करू

 

आज बोलायचंय ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनाबद्दल. किराणा दुकानात पैसे द्यायला आपण तो स्कॅन करतो. आधार कार्डावर तो असतो, मुलांच्या पाठ्यपुस्तकात असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. आपल्या गटाच्या लेबलावर तो कसा घालायचा, आणि त्यात आमची फजिती कशी झाली, ते सांगते.

मागच्या दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आम्ही कारळाची आणि जवसाची चटणी केली होती. लेबलावर क्यूआर कोड असला की माल पक्का वाटतो, असं कुणीतरी म्हणालं. मी इंटरनेटवर शोधलं, एका फुकटच्या साइटवर कोड तयार केला आणि पाचशे लेबलं छापून आणली. पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. मग स्टॉलवर एका ताईंनी मोबाइल धरला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर पैसे मागतंय." बघते तर आमच्या माहितीऐवजी त्या साइटचं पान उघडलेलं. मुदत संपली, पुढे चालू ठेवायचं तर पैसे भरा. ताईंनी पाकीट परत ठेवलं. त्यांना वाटलं, आम्हीच काहीतरी लबाडी करतोय. लेबलं वाया गेली त्याचं वाईट वाटलंच, पण पाकीट परत ठेवलेला तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. त्या चौकोनात आमची माहिती नव्हतीच. त्यात त्या साइटचा पत्ता होता. गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात जायचं आणि तिथून आमच्याकडे यायचं. त्यांनी दार लावलं आणि आमचा रस्ता बंद झाला.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. क्यूआर कोड म्हणजे डबा. आपण आत जे भरू, तेच बाहेर निघतं. आत आपलाच मजकूर भरला, तर त्याला मुदत नाही, भाडं नाही. साधा मजकूर असेल तर तो वाचायला इंटरनेटही लागत नाही, कारण अक्षरं त्या ठिपक्यांमध्येच असतात. रेंज नसलेल्या गावात याचं मोल जास्त.

हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत 1994 साली तयार झाला, मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. आपल्या महाराष्ट्रात तो पुस्तकात आणणारे गुरुजी म्हणजे रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकांना कोड जोडले, म्हणजे मुलांना कविता ऐकता यावी, धडा बघता यावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले, आणि 2020 साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत जमलं, ते आपल्याला का जमू नये?

आता करायचं कसं? ज्या संगणकावर आपण ठराव आणि हिशोब टाइप करतो, त्यावरच. लिब्रेऑफिस रायटर फुकट मिळतं. त्यात वर 'इन्सर्ट' मेनू असतो. त्यात 'ओएलई ऑब्जेक्ट' आणि त्याच्या आत 'क्यूआर अँड बारकोड' असं दिसेल. एक छोटी चौकट उघडते. त्यात मजकूर लिहायचा, प्रकार क्यूआर निवडायचा आणि ओके करायचं. कोड कागदावर येतो. चुकलं तर त्यावर माउसचं उजवं बटण दाबून दुरुस्त करता येतं.

त्याच चौकटीत 'एरर करेक्शन' म्हणून एक निवड असते, कमीपासून जास्तीपर्यंत. सगळ्यात वरची घेतली, तर कोडचा साधारण तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. आपल्या चटणीच्या पाकिटाला तेलाचे हात लागतात, म्हणून मी तीच घेते. मात्र त्यामुळे ठिपके बारीक होतात, तेव्हा मजकूर थोडका ठेवा. गटाचं नाव, गाव, फोन नंबर, एवढं पुरे. मराठी अक्षरं घातली तर दोन-तीन मोबाइलवर ती नीट उमटतात का ते आधी बघा.

आणि नंबर गटाचा घाला, अध्यक्षांचा नको. अध्यक्ष बदलतात, छापलेला कोड बदलत नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरत असाल, तर 2013 पासूनच्या वर्डमध्येही सोय आहे. कंट्रोल आणि एफ नाइन एकदम दाबले की महिरपी कंस येतो. तो हाताने टाइप केलेला चालत नाही. त्या कंसात इंग्रजीत डिस्प्लेबारकोड हा शब्द सलग, मग अवतरणात आपला मजकूर, मग क्यूआर. शेवटी एफ नाइन दाबलं की कोड दिसतो.

बऱ्याच जणी विचारतात, दुकानातल्या मालावर उभ्या रेघांचा बारकोड असतो, तो पण असाच करायचा का? रेघा कुणीही काढू शकतं, पण खालचा नंबर मनाने घालायचा नसतो. तो जीएस वन इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि त्यांचे नंबर 890 ने सुरू होतात. मोठ्या दुकानात माल ठेवायचा असेल तरच ती वाट धरा. आपल्या खोलीतले डबे मोजायला मात्र रायटरमधला बारकोड चालतो.

छापताना चार गोष्टी सांभाळा. कोड काळा आणि मागे पांढरं. चारही बाजूंना कोरी जागा. आकार दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. आणि पाकिटाच्या घडीवर किंवा शिवणीवर तो चिकटवू नका. आधी एकच लेबल छापा, भरलेल्या पाकिटाला लावा, दोन वेगवेगळ्या मोबाइलने वाचून बघा, मगच पाचशेची ऑर्डर द्या. आमच्यासारखं उलटं करू नका.

दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. कोड आहे म्हणून घटक, वजन, तारीख, किंमत आणि एफएसएसएआयचा नंबर लेबलावरून काढायचा नाही. ते डोळ्यांना वाचता आलंच पाहिजे. आणि कोडमध्ये कुणाचा आधार नंबर किंवा बँक खात्याची माहिती भरू नका. पाकीट कुणाच्याही हातात जातं, आणि मोबाइल असलेला कुणीही ते वाचू शकतो.

आमची नवी लेबलं आता घरच्या प्रिंटरवर निघतात. गटातल्या ज्या बाईला संगणकाला हात लावायची भीती वाटायची, तीच आता तारीख बदलून छापते. परवाच्या आठवडी बाजारात एका मुलाने चटणीचं पाकीट उचललं, मोबाइल धरला आणि आईला म्हणाला, "आई, हे आपल्या शेजारच्या गावचं आहे." आईने दोन पाकिटं घेतली.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकदा करून बघा. येते मी. नमस्कार.