वाहनाची राखण

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं बैल हेंच घराचें वाहन होतें. आणि गोठ्याला झोपा, म्हणजे दार, करण्याचें सुचलें तें बैल नाहींसा झाल्यावर. आज गोठ्याच्या जागीं इमारतीखालचा वाहनतळ आला, बैलाच्या जागीं सायकल, स्कूटर आणि मोटार आली. म्हण मात्र जशीच्या तशी खरी राहिली. फरक एवढाच कीं, आजच्या वाहनाला एक झोपा पुरत नाहीं, दोन लागतात: एक कुलपाचा आणि दुसरा ओळखीचा. पहिल्याचा विचार थोडाबहुत सर्वच करतात. दुसऱ्याची आठवण बहुधा चोरी झाल्यावर होते.

प्रथम कुलूप. कोणतेंही कुलूप अभेद्य नसतें. चोराचा वेळ खाणें आणि त्याला आवाज करावयास लावणें, एवढेंच त्याचें काम. सायकलीच्या मागच्या चाकावरचें लहान कुलूप चाक फिरूं देत नाहीं. परंतु सायकल उचलून टेंपोंत टाकणाऱ्याला चाक फिरण्याची गरजच काय? म्हणून सायकल नेहमीं एखाद्या अचल वस्तूला बांधावी: जमिनींत पक्का रोवलेला खांब किंवा जिन्याचा लोखंडी कठडा. बारीक तारेचा दोर हातकातरीनेंही तुटतो. त्याहून यू आकाराचें पोलादी कुलूप पुष्कळ चांगलें. फ्रेम आणि चाक हीं दोन्ही त्यांत अडकवावीं. नुसतें पुढचें चाक बांधलें, तर मालक परत येईपर्यंत कित्येकदां तेवढें चाकच उरतें!

स्कूटर आणि मोटार यांच्या बाबतींत यंत्रापेक्षां संवयच अधिक दगा देते. दूध घेण्यापुरतें थांबावयाचें म्हणून किल्ली गाडीलाच ठेवली जाते. घरच्याच आवारांत गाडी आहे म्हणून हँडल मोकळें सोडलें जातें. सामाईक आवाराचा एक विशेष असा कीं, अनोळखी मनुष्य गाडी ढकलीत निघाला, तरी तो शेजाऱ्यांकडील कोणी असावा असें प्रत्येकजण समजतो. ज्या नव्या मोटारी किल्ली खिशांतून न काढतांही उघडतात, त्यांच्या मालकांनीं तर विशेष जपावें. दाराजवळ टांगलेल्या किल्लीचा क्षीण संदेश चोर यंत्राच्या साहाय्यानें बाहेरच्या मोटारीपर्यंत पोंचवितात, आणि मालकच आला असें समजून मोटार उघडते. अशी किल्ली दारापासून दूर, धातूचें अस्तर असलेल्या पिशवींत ठेवावी.

सार्वजनिक जागीं वाहन दुसऱ्याच्या स्वाधीन करतांना पावती घ्यावी आणि ती जपावी. १९९८ सालीं दिल्लींतील एका हॉटेलांत किल्लीसह नोकराच्या हवालीं केलेली मोटार चोरीस गेली. पावतीवर जबाबदारी नाकारणारा मजकूर छापलेला होता. तथापि, वाहनाचा ताबा घेतला म्हणजे राखणीचें कर्तव्यही आलें, आणि हयगय झाली असतां छापील मजकुराचा आडोसा घेतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला. न्याय मिळाला खरा; पण मध्यें एकवीस वर्षें गेलीं.

आतां दुसरा झोपा. मोटारवाहनाला सरकारी नोंदणी आहे, चासीवर कोरलेला क्रमांक आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सहजासहजीं न निघणारी क्रमांकाची सुरक्षित पाटीही सक्तीची झाली आहे. सायकलीला यांतलें कांहीं नाहीं. पूर्वीं कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत. कराबद्दल कुरकुर होई, पण त्या बिल्ल्यानें सायकलीला नांव मिळे. आज तें नांव मालकानेंच द्यावयाचें आहे. बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या आंसाखालीं, एक क्रमांक ठोकलेला असतो. तो उतरून घ्यावा, सायकलीचें छायाचित्र काढावें आणि खरेदीची पावती त्यासोबत ठेवावी. चोर पकडला जाऊन सायकल मिळाली, तरी ‘हीच माझी’ हें कशावरून? काळ्या रंगाच्या सायकली पुष्कळ असतात. घरोघर वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची सायकल गेली म्हणजे त्याची नुसती वस्तु जात नाहीं, दुसऱ्या दिवसाची मजुरी जाते. ती परत मिळणें या एका आंकड्यावर अवलंबून असतें.

चोरी झालीच, तर विलंब न लावतां फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें हद्दीचा विचार न करतां फिर्याद देतां येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानें दिल्यास तीन दिवसांच्या आंत सही करावी लागते. वाहनाचा विमा असल्यास कंपनीसही ताबडतोब कळवावें. मात्र केवळ कायद्यानें सक्तीचा असलेला विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता असतो. चोरीची भरपाई त्यांतून मिळत नाहीं, हें पुष्कळांना गाडी गेल्यावर समजतें.

कुलपाला पैसे पडतात. ओळखीला दहा मिनिटें पुरतात. सायकल उलटी करावी, दिवा धरावा, धूळ पुसावी आणि आंकडा वहींत लिहावा. हें काम आज रात्रींच होण्यासारखें आहे.