रान विकण्याआधी रान मोजू या

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आज आपण रानाविषयी बोलू या. सरकारी रान नव्हे, आपलं स्वतःचं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं आहे. डोंगरउतारावर दिसते ती झाडी बहुतेक कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. म्हणजे ती राहणार की जाणार, हे आपल्याच घरात ठरतं.

ठरतं कसं? मुलीचं लग्न, दवाखाना, गळकं छप्पर. पैशाची नड आली की लाकडाचा व्यापारी दारात येतो. रानावर नजर टाकतो आणि सगळ्याचा मिळून एक आकडा सांगतो. यालाच आपण रान उक्तं देणं म्हणतो. मुंबईहून भावोजी फोनवर हो म्हणतात आणि थोड्याच दिवसांत डोंगर बोडका होतो. त्या रानातून फाटी आणणाऱ्या, पातेरा गोळा करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. कुठल्या झाडाला ढोली आहे, कुठला पऱ्या उशिरापर्यंत वाहतो, हे मात्र तिलाच ठाऊक असतं.

म्हणून आम्ही गटातर्फे रानफेरी काढतो. ज्यांचं रान त्या घरची बाई आणि पुरुष दोघंही सोबत हवेत, एवढीच अट. सामान म्हणजे शिंप्याची टेप आणि एक वही. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा आणि झाडाच्या नावापुढे लिहायचा. एका काकांनी मोजणीनंतर वही दोनदा वाचली. म्हणाले, "एवढे ऐन माझे आहेत हे मलाच माहीत नव्हतं." त्यांनी मग नडीपुरतीच झाडं दिली, तीही मोजून. बाकीचं रान उभं आहे.

काही गोष्टी लक्षात ठेवा. जमीन सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा बहिणींनाही विचारा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा अशी झाडं आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. "कागदाचं आम्ही बघतो," असं व्यापारी म्हणाला तरी तो कागद स्वतः वाचा.

तोडायचंच असेल तर पऱ्याकाठची झाडं सोडा. बी देणारी जुनी झाडं राखा. तोडलेल्या खुंटाला पुष्कळ फुटवे येतात. त्यातले एकदोन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर उरलेले लवकर वाढतात. आणि उन्हाळ्याआधी रानाच्या कडेचं गवत काढून जाळपट्टा करा. एक वणवा लागला की कोवळे फुटवे आधी जळतात.

उभ्या झाडाचेही पैसे होतात. हिरडा आणि बेहडा दोन्ही औषधाला लागतात. फळ फांदी तोडून काढायचं नाही; खाली पडलेलं वेचायचं आणि खडखडीत वाळवायचं. ओलं राहिलं तर बुरशी धरते आणि माल परत येतो. एकेकटीने पिशवीभर माल नेला तर दर पाडून मागतात, म्हणून गटाने एकत्र विका. शिवाय जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घर करतो. मादी आत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून चारा भरवतो. ढोली जुन्या, जाड झाडालाच असते, आणि तेवढं झाड व्हायला आपला जन्म पुरत नाही.

मैत्रिणींनो, नड कुणाला चुकत नाही. नडीला रान विकूच नका, असं सांगायला आम्ही आलो नाही. पण घरातलं सोनं आपण वजन केल्याशिवाय मोडत नाही. मग रान न मोजता का द्यायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. एक दिवस ठरवा, टेप घ्या, आणि घरच्या पुरुषमाणसांनाही सोबत न्या. व्यापाऱ्याने आकडा सांगण्याआधी आपला आकडा आपल्या वहीत असू दे.